मोजलेला धोका, न मोजलेला धोका



किरणोत्सर्गी जागेतले ॲसबेस्टॉस सुरक्षितपणे कसे काढतात, असा आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापला आहे. तो वाचून संयोजकांपैकी एकाचा मला फोन आला. म्हणाला, "सर, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात अणुभट्टी नाही, ॲसबेस्टॉसची खाण नाही. लोकांनी यायचं कशासाठी?" प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हटले, खामगावच्या नाही तर मलकापूरच्या एखाद्या एक्स-रे केंद्रात जा. यंत्र चालवणाऱ्या मुलाच्या छातीवर एक छोटा बिल्ला दिसेल. त्यात तीन चकत्या असतात: एकीवर धातूचे झाकण, एकीवर प्लॅस्टिकचे, एक उघडी. दर तीन महिन्यांनी तो बिल्ला तपासणीला जातो आणि या मुलाच्या अंगाने किती किरणे घेतली, ते त्याच्या नावावर लिहिले जाते. आता केंद्रातून बाहेर ये आणि शेजारच्या घरांकडे, गोठ्यांकडे, जिनिंगच्या जुन्या शेडकडे मान वर करून बघ. सिमेंटचे पत्रे. त्यांतल्या बहुतेक जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस आहे. ते बसवणाऱ्या, कापणाऱ्या, फोडणाऱ्या मिस्त्रीच्या छातीवर काय आहे? फार तर बिडीचे बंडल ठेवायचा खिसा.

हा बिल्ला आणि तो खिसा, यांच्यामधल्या अंतराविषयी मला बोलायचे आहे. आणि ते अंतर नीट दिसते ते जिथे दोन्ही धोके एकाच खोलीत येतात तिथे. म्हणून विषय असा आडवळणाचा घेतला.

ॲसबेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा तंतू. जळत नाही, कुजत नाही, आम्लाला सहसा दाद देत नाही, आणि स्वस्त. पांढरे, तपकिरी, निळे असे त्याचे बाजारातले मुख्य प्रकार. तंतू उभा चिरत जातो आणि चिरता चिरता इतका बारीक होतो की डोळ्याला दिसत नाही, नाकाला जाणवत नाही, शिंकही येत नाही. फुप्फुसात खोल जाऊन बसला की शरीराला तो विरघळवता येत नाही. पुढे १०, २०, कधी ४० वर्षांनी दम लागतो. त्याला ॲसबेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होतो. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲसबेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरले आहेत. पांढरे त्यातल्या त्यात बरे, असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे चालू लागा.

आता इतिहासात एक मजा पाहा. मजा कसली म्हणा! १९२४ साली इंग्लंडात रॉचडेल गावी नेली करशॉ नावाची बाई वारली. वय ३३. टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ती ॲसबेस्टॉसचे सूत कातत असे. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसात ते तंतू पाहिले आणि तिच्या आजारावर लिहिले. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या मुली आजारी पडत होत्या. ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठात धरायची त्यांना सवय लावलेली होती. जबड्याची हाडे सडली, पोरी मेल्या, उरलेल्या कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये तडजोड झाली.

एकच दशक, दोन्हीकडे गरीब घरच्या बाया, दोन्हीकडे मालकाचे कानावर हात. पण पुढची वाट वेगळी झाली. शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल, याचा आकडा १९४१ पर्यंत अमेरिकेत ठरला. त्यानंतर अणुबाँब आला, अणुवीज आली. आकडे कडक होत गेले, मोजणारी यंत्रे आली, बिल्ले आले. ॲसबेस्टॉसचे काय झाले? इंग्लंडने १९३१ मध्ये नियम केले खरे, पण ते मुख्यतः माल बनवणाऱ्या कारखान्यांपुरते. तोच माल जहाजात, वीजघरात, बॉयलरवर नेऊन लिंपणारा कामगार या नियमांच्या कक्षेत यायला १९६९ उजाडले. म्हणजे नेलीच्या मृत्यूनंतर ४५ वर्षे गेली. नेलीचा कारखाना टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या कंपनीचा होता आणि त्याच कंपनीचे एक रोप आपल्या घाटकोपरला लागले, हिंदुस्तान फेरोडो. तिथल्या कामगारांचेही एक्स-रे पुढे काढावे लागले आणि भरपाईचे दावे थेट विलायतेपर्यंत गेले.

तर अशी ही दोन भावंडे. एक मोजलेले, एक न मोजलेले. ती एकत्र कुठे नांदतात?

१९५० ते १९७० च्या दरम्यान जे जे वाफेवर चालत होते तिथे तिथे ॲसबेस्टॉस होते. नळावर लॅगिंग म्हणजे उष्णता धरून ठेवणारे लेपण म्हणून, झडपांच्या गॅस्केटमध्ये, केबलच्या आवरणात, भिंतीच्या तक्त्यांत. अणुवीजघर म्हणजे शेवटी काय? पाणी उकळायचे एक महागडे साधन. वाफ आली की नळ आले, नळ आले की त्यांच्यावर लेपण आले. इंग्लंडचे कॅल्डर हॉल १९५६ मध्ये राणीच्या हस्ते सुरू झाले, २००३ मध्ये बंद झाले. त्याच्या चार भट्ट्यांना मिळून १६ उष्णता-विनिमयक होते, उंच मनोऱ्यांसारखे. त्यांच्या अंगावरचे ॲसबेस्टॉस उतरवण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. आपल्याकडे तारापूरला १९६९ मध्ये वीज सुरू झाली. तुर्भ्याची सायरस भट्टी १९६० ची, ती २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची थांबली. जुनी यंत्रे सोडवायचे काम आपल्या देशातही आज ना उद्या वाढणार आणि ते करायला मुंबई-पुण्याचे साहेब पाईपवर चढणार नाहीत. कंत्राटदार माणसे कुठून आणतो, ते मला तुम्हाला सांगायला नको. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडून मजुरीला निघालेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

म्हणून आता मुख्य गोष्टीकडे येतो. हे काम करायचे कसे? इथे थोडा वेळ घालवणार आहे, कंटाळू नका.

अडचण अशी की दोन्ही धोक्यांची शास्त्रे एकमेकांशी भांडतात. किरणोत्सर्गाचे शास्त्र सांगते: लवकर आटप, लांब राहा, मध्ये आडोसा ठेव. वेळ, अंतर, आडोसा, या तीन शब्दांत ते संपते. ॲसबेस्टॉसचे शास्त्र सांगते: घाई करू नको, जवळ जा, हाताने हळूहळू सोडव, तोडू नको, आणि सगळे ओले ठेव. सांगा, ऐकायचे कोणाचे?

समजा एका नळाजवळ ताशी २ मिलिसिव्हर्ट (हे किरणांची मात्रा मोजायचे एकक) किरणे आहेत. आपल्या देशात किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्याला पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात फार तर ३० मिलिसिव्हर्ट चालतात. म्हणजे त्या नळाजवळ १० तास उभा राहिला की त्या माणसाचा वर्षाचा कोटा भरला. आता त्याला तोंडभर मास्क घाला, दोन पोशाख घाला, दोन-दोन हातमोजे घाला. एका तासाचे काम तीन तासांवर जाते. आत घामाच्या धारा. फुप्फुस वाचवायला निघालो आणि किरणे तिप्पट झाली.

पाण्याचेही तसेच. लेपण भिजवले की तंतू उडत नाहीत, ही ॲसबेस्टॉसच्या कामातली पहिली शिकवण. पण दूषित नळावर पाणी मारले तर ते पाणीच किरणोत्सर्गी कचरा होते. ते खाली झिरपते, फटीत जाते, आधी स्वच्छ होती ती फरशीही दूषित करते. मग काय करतात? धो धो पाणी मारत नाहीत. साबणासारखे द्रव मिसळलेले थोडेसे पाणी सुयांनी लेपणाच्या पोटात सोडतात. छोट्या नळाला हातमोजे जोडलेली प्लॅस्टिकची पिशवी चहूकडून बांधतात आणि काम पिशवीच्या आतच करतात. कधी तर लेपण काढतच नाहीत. नळ लेपणासकट गुंडाळायचा, दोन्हीकडची मोकळी जागा बघून कापायचा आणि अख्खा तुकडा बाहेर न्यायचा. मला विचाराल तर यातली सगळ्यात शहाणी युक्ती ही शेवटची. जे फोडायची गरज नाही ते न फोडणे.

आणि हे सगळे आधी खोट्या नळावर करून पाहतात. बाहेर स्वच्छ शेडमध्ये तसाच नळ, तसेच वळण, तेवढीच अडचणीची जागा उभी करून माणसे तालीम करतात. तालमीत पाना हातातून निसटला तर फक्त पाना पडतो. आत निसटला तर तो उचलण्यात जो अर्धा मिनिट जातो तो बिल्ल्यावर चढतो.

कामाची जागा जाड प्लॅस्टिकने बंद करतात आणि आतली हवा पंख्याने सतत ओढून बाहेरच्यापेक्षा दाब कमी ठेवतात. फट राहिली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. ओढलेली हवा बारीक गाळणीतून जाते, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तिथे अडतात. आता गंमत बघा. साध्या ॲसबेस्टॉसच्या कामात ही गाळणी भरली की बदलायची, एवढेच. इथे मात्र गाळणीत जी धूळ साठते ती किरणोत्सर्गी असते. साठत साठत ती गाळणी स्वतःच किरणांचा उगम होऊन बसते. म्हणून तिच्यावरही मापक धरायचा आणि बदलणाऱ्या माणसाच्या वेळेचाही हिशेब ठेवायचा. झाडणी तर आत आणायचीच नाही, दोन्ही शास्त्रांची या एका बाबतीत एकवाक्यता आहे.

आता बाहेर पडणे. ही गोष्ट मी नेहमी सविस्तर सांगतो, कारण आत शहाण्यासारखे वागलेला माणूस कपडे काढताना घात करून घेतो. साध्या कामात माणूस मास्कसकट फवाऱ्याखाली उभा राहतो, भिजतो आणि मग मास्क काढतो. किरणोत्सर्गी जागेत तसे सरळ भिजून चालत नाही. आधी मापकाने अंग तपासावे लागते, नाही तर डाग धुऊन अंगभर पसरतो. म्हणून दोन पोशाख. वरच्या पोशाखावरची धूळ आधी बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढायची, हलकेच दव पडल्यासारखे पाणी फवारायचे. मग तो डोक्याकडून खाली, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवायचा. झटकायचा नाही. बुटाची आवरणे त्यातच. हद्दीची पहिली रेघ ओलांडायची. आतला पोशाखही तसाच उतरवायचा. दुसरी रेघ. मग मापक. आणि हे सगळे होईपर्यंत मास्क तोंडावर. कितीही जीव गुदमरला तरी मास्क शेवटी. मास्क काढून "हुश्श" म्हणायचा जो क्षण असतो ना, तोच नेमका सगळ्यात धोक्याचा.

बाहेर आलेला माणूस बिडी पेटवतो. ॲसबेस्टॉसचे लेपण करणाऱ्या अमेरिकी कामगारांवर डॉ. सेलिकॉफ यांनी जो मोठा अभ्यास केला, त्यात ॲसबेस्टॉस आणि धूम्रपान या दोन्हींपासून लांब राहिलेल्यांच्या तुलनेत दोन्हींत सापडलेल्या माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ५० पटींच्या आसपास निघाला. बेरीज होत नाही मंडळी, गुणाकार होतो.

राहिला कचरा. ॲसबेस्टॉस पुरण्याची जागा म्हणते, किरणोत्सर्गी आहे, आम्ही घेणार नाही. किरणोत्सर्गी कचऱ्याचे भांडार म्हणते, तंतू उडणारा माल आहे, असा सुटा चालणार नाही. या मुलाला दोन्ही घरांत दार बंद. म्हणून शहाणे लोक कामाला हात लावण्याआधी विचारतात: हा कुठे जाणार? उत्तर नसेल तर लेपण जिथे आहे तिथेच रंगाने, कापडाने घट्ट बंद करून ठेवतात आणि थांबतात. थांबणे हेही सुरक्षित कामच आहे. आपल्याकडे ते कोणाला पटत नाही, बिल निघत नाही ना!

एवढे सगळे शक्य होते ते कशामुळे? पैशामुळे, असे तुम्ही म्हणाल. काही अंशी खरे आहे. पण मला वाटते, खरे कारण वही आहे. किरणोत्सर्गाच्या कामगाराची मात्रा लिहिली जाते आणि आयुष्यभर त्याच्या नावावर राहते. नोंद आहे म्हणून जाब आहे. ॲसबेस्टॉसला त्या खोलीत जो मान मिळतो, तो शेजारी बसलेल्या किरणोत्सर्गामुळे. एकटे असते तर त्याला कोणी विचारले नसते.

खोटे वाटते? एका जहाजाची गोष्ट सांगतो. फ्रान्सचे 'फ्रान्स' नावाचेच प्रवासी जहाज, १९६० मध्ये पाण्यात उतरले, ३१६ मीटर लांब. पुढे ते 'नॉर्वे' झाले आणि म्हातारपणी 'ब्लू लेडी' या नावाने २००६ मध्ये गुजरातच्या अलंगला तोडायला आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्सने आपली 'क्लेमेन्सो' ही युद्धनौका ॲसबेस्टॉसच्या वादामुळे अलंगच्या वाटेवरून परत बोलावली होती, त्यामुळे हवा तापलेलीच होती. ब्लू लेडीत ॲसबेस्टॉसचे सामान बाराशे टनांच्या घरात. शिवाय धूर ओळखणाऱ्या यंत्रांत अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सर्गी द्रव्य असल्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. म्हणजे आजचा आपला विषयच! निकाल आला ११ सप्टेंबर २००७ ला, जहाज तोडायला परवानगी मिळाली. किरणोत्सर्गाचा प्रश्न आला की अणुऊर्जा नियामक मंडळाचे नाव निघते, माणूस येतो, मापक येतो. आणि ॲसबेस्टॉस? त्यातले बरेचसे भिंती-छताच्या तक्त्यांत आहे आणि ते तक्ते पुन्हा वापरता येण्याजोगे आहेत, असा हिशेब मांडला गेला. पुन्हा वापरता येण्याजोगे! म्हणजे एका धोक्याला पहारा आणि दुसऱ्याला बाजार.

उलटेही होते, बरे का. दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात २०१० मध्ये कोबाल्ट-६० सापडले. दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षे पडून असलेले एक जुने यंत्र लिलावात भंगार म्हणून गेले होते. भंगारवाल्यांनी ते फोडले. एक जण मेला, बाकीचे दवाखान्यात. वहीतून नाव गेले की किरणोत्सर्गी वस्तूही पत्र्याच्या पंगतीला येऊन बसते.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितले की प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांत जे उशिरा संपेल तोवर ठेवा. फार दूरदृष्टीचा आदेश. रोग ४० वर्षांनी उगवतो, तर वहीही ४० वर्षे टिकली पाहिजे. पण वही कारखान्याची. चिखलीच्या मिस्त्रीला कारखाना कुठला?

तर आता त्या पत्र्याकडे. घाबरून जाऊ नका. धड असलेला, रंग न उडालेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून आज कोणी आजारी पडत नाही. पत्रा धोकादायक होतो तो फुटल्यावर, कापल्यावर, घासल्यावर. त्या अणुभट्टीतल्या लोकांकडून आपल्याला फुकटात घेता येईल असे पुष्कळ आहे. पत्रा काढायचा तर हातोडीने फोडू नका, वरून खाली टाकू नका. आधी पाणी शिंपडा. इथे किरणोत्सर्ग नाही, पाण्याला कंजुसी नको. हूकचे नट तेल घालून सोडवा, गंजले असतील तर नट कापा, पत्रा कापू नका. अख्खा पत्रा दोघांनी धरून उतरवा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. तुकडे ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू नका. तोंडाला बांधलेला गमछा तंतू अडवत नाही, हे मिस्त्रीला सांगा. त्याचे कपडे घरी बायकोने झटकून धुऊ नयेत, हेही सांगा. जगभर कितीतरी बायकांना हा रोग नवऱ्याच्या कपड्यांतून झाला आहे. आणि शेवाळ काढायला पत्रा तारेच्या ब्रशने घासायची जी हौस दिवाळीच्या आधी येते, ती सोडा.

पण एक गोष्ट घरोघरी करून भागणार नाही. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे वादळ होते, पत्रे उडतात. दुसऱ्या दिवशी तलाठी येतो, पंचनामा होतो. किती पत्रे उडाले, किती फुटले, सगळे बिनचूक लिहिले जाते, कारण त्यावर मदत मिळायची असते. ते फुटलेले तुकडे मात्र कुठे जातात? मी पाहिले आहे, तुम्हीही पाहिले आहे. पांदण रस्त्यावरच्या चाकोरीत भर म्हणून जातात. वरून ट्रॅक्टर फिरतो, बैलगाडी फिरते, उन्हाळाभर भुगा होतो. त्याच रस्त्याने पोरे शाळेत जातात.

मोजदाद करणारा माणूस दारात आलेला आहे, कागद हातात आहे, फुटक्या पत्र्यांची संख्या लिहून झालेली आहे. त्या कागदावर आणखी एक रकाना हवा: फुटलेला माल कुठे ठेवला. गावाने एक खड्डा, एक ताडपत्री आणि ग्रामपंचायतीच्या आवारात कुलूप लागेल अशी जागा ठरवावी. तालुक्याने तो माल गोळा करून नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याची जी सोय आहे तिथे पाठवावा. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, रस्ता नाही अशी सबब नको. अध्यक्षमहाराज जिल्हा परिषदेत राहिलेले आहेत. हा रकाना कोणत्या कार्यालयात, कोणाच्या सहीने वाढवता येतो, ते त्यांनी त्यांच्या भाषणात सांगावे, अशी माझी विनंती आहे. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे, दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना ज्यांना पटेल त्यांनी सही करून जावे.